भोंग्यावर घेतलेलं नाव

जत्रेला जायचं म्हणजे बाईनं आदल्या दिवसापासूनच मरायचं, हे मला लग्न झाल्यावर कळलं. माहेरी होते तेव्हा जत्रा म्हणजे रेवड्या न बांगड्या. सासरी आल्यावर जत्रा म्हणजे टोपलंभर भाकरी, गाडगंभर झुणका, ठेचा, लेकरांचे कपडे, तान्हीची दुपटी, आणि एवढं सगळं झाल्यावर पुरुषांनी विचारायचं, अजून तयार नाही झाल्या का तुम्ही.

मी सांगते आणि नात लिहून घेते. मला लिहिता येत नाही. ती माझं बोलणं अर्धं सुधारून टाकते, मग आमचं भांडण होतं. लिही म्हटलं बाई, तुझ्या मनासारखं लिही, पण नावं कोणाची टाकू नको.

हे साठ-एकसष्टच्या सुमाराचं असेल. आमचं गाव मारेगावपासून आत, काळ्या जमिनीचं. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की फाल्गुनात वणीची जत्रा भरे. बैलांचा बाजार मोठा, आणि त्याच्या एका अंगाला पाळणे, तंबू, खेळवाले. माझी तेव्हा तीन लेकरं. मोठी मुलगी सहाची, तिला अजून शाळेत घातलं नव्हतं. मधला मुलगा तीन वर्षांचा, पायाला भिंगरी लावलेला. धाकटी तान्ही, अंगावर पिणारी. मोठीनं वर्षभर डोकं खाल्लं होतं, घोड्याच्या पाळण्यात बसायचं, घोड्याच्या पाळण्यात बसायचं. शेवटी मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, या साली सगळेच जाऊ. मला वाटलं, चला, आपल्यालाही एक दिवस चुलीपासून सुट्टी. कसली सुट्टी न कसलं काय. चूल घरी राहिली, बाकी सगळं माझ्यासोबत आलं.

झुंजुरकाच, उजाडायच्या आत, बंडी जुंपली. पुढं मामाजी न हे, मागं आत्याबाई, मी न लेकरं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं तसंच म्हणतात. रस्ताभर धूळ. तान्ही पाजली की मधल्याला लघवी, मधला उतरवला की मोठीला तहान. वणी येईपर्यंत माझी कंबर गेली होती आणि जत्रा अजून सुरूही व्हायची होती.

लिंबाच्या सावलीत बंडी सोडली. मामाजी म्हणाले, "तुमी पोराइले पाळणे दाखवा. आमी जरा बैल पाहून येतो."

बैल घ्यायचा नव्हताच. घरचे दोन धडधाकट होते. पण परक्या बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहण्यात पुरुषांचा सगळा दिवस जातो, आणि घरच्या पोराचं नाक पुसायला त्यांना वेळ नसतो. यांनी निदान मागं वळून पाहिलं, पण वडिलांपुढं बोलणार काय. गेले दोघंही.

मग आमची जत्रा सुरू झाली. ऊन चढलं. कडेवर तान्ही, एका हाताला मधला, मोठी माझ्या पदराला धरून पुढं ओढतेय. डोक्यावरचा पदर सरकला की आत्याबाई मागून हळूच म्हणत, "सूनबाई, डोकं." मला दोनच हात होते, आणि दोन्ही गुंतलेले. पदर काय दातांनी धरू, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

घोड्याचा पाळणा लाकडी, रंग उडालेला. दोन माणसं तो हातानं ढकलून फिरवायची. मोठी बसली. पहिल्या फेऱ्याला हसली, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला पांढरी पडली. खाली उतरवली तर सकाळपासून खाल्लेली जिलबी, शेव, सगळं माझ्या पायावर. त्याच घडीला तान्ही उठली आणि टाहो फोडला. मी खाली बसले, एकीला मांडीवर घेतलं, दुसरीचं तोंड लुगड्यानं पुसलं. पाळणेवाला वरून ओरडत होता, "बाजू में लो बाई, बाजू में लो." आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मधला दिसेना. मी म्हटलं, बाबू कुठं आहे. त्या म्हणाल्या, "तुह्याजवळच त होता."

मला वाटत होतं तो त्यांच्याजवळ आहे. त्यांना वाटत होतं तो माझ्याजवळ आहे.

एका बाजूला बैलांचा बाजार, हजार खुरं. दुसऱ्या बाजूला नदी. मधे माणसंच माणसं, आणि माझं पोर माणसांच्या गुडघ्याएवढं. आम्ही पाळण्याच्या भोवती फिरलो, भजेवाल्याच्या मागं पाहिलं, आरशाच्या तंबूत पाहिलं. मोठी रडायला लागली. आत्याबाई एकसारखं देवाचं नाव घेत होत्या. कोणीतरी म्हणालं, बाई, तिकडं भोंग्यावर पुकारतात, तिकडं जा.

एका मांडवात टेबल, टेबलावर बोलायचं यंत्र, आणि त्याच्यामागं टोपी घातलेले एक मास्तर. तिथून तारा निघून साऱ्या जत्रेत खांबाखांबावर भोंगे बांधलेले. मास्तरांचा घसा बसला होता. दिवसभर हरवलेली पोरं न हरवलेल्या पिशव्या पुकारून माणूस पार कंटाळला होता. त्यांच्याकडं पाहून मला वाटलं, चला, आपल्यासारखंच कोणीतरी दमलेलं आहे.

"पोराचं नाव?"

आम्ही घरात म्हणतो ते सांगितलं, बाबू.

"अशे दहा बाबू हायेत जत्रेत. बापाचं नाव सांगा, पूर्ण. काल एका पोराले न्यायले दोन बाप आलते. बापाचं नाव पुकारतो, बाप आला की त्याच्या हवाली करतो. बिना बापाच्या नावाचं पुकारत नाही."

झालं.

आताच्या मुलींना हसू येईल. आमच्यात नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून कानावर. मी आठ वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांचा मुलगा, त्यांनी घ्यावं. पण आत्याबाईही खाली पाहत होत्या. मग माझ्या ध्यानात आलं. यांचं नाव आजोबांवरून ठेवलेलं, म्हणजे तेच आत्याबाईंच्या सासऱ्यांचं नाव. सासऱ्याचं नाव सून कशी घेणार. म्हणून तर त्या आपल्या पोटच्या मुलालाही जन्मभर नुसतं 'मोठा' म्हणत आल्या होत्या.

मास्तर आत्याबाईंना म्हणाले, "तुमी तरी सांगा जी."

"माह्या मोठ्याचा पोरगा हाय न," आत्याबाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि मोठीकडं वळले. "बेटा, तुह्या बाबाचं नाव काय?"

"बाबा," मोठी म्हणाली.

"पूर्ण नाव सांग."

"आमचे बाबा."

तिचा तरी काय दोष. घरात ते नाव कोणी उच्चारतच नव्हतं, तिच्या कानावर पडणार कुठून. एका माणसाच्या आम्ही तिघी, आई, बायको न मुलगी, आणि तिघींपैकी एकीलाही त्याचं नाव सांगता येईना.

मांडवात लोक जमले. एक बाई मागून म्हणाली, "उखाण्यात घे न माय, उखाण्यात चालते." खरं होतं तिचं. मला लग्नातला उखाणा पाठ होता, चांगला ठसक्यात घेतला होता मी. पण त्या वेळी पहिली ओळच सापडेना. ती बाई एकेक सुरुवात सुचवू लागली, चांदीच्या ताटात अमुक, तुळशीच्या वृंदावनी तमुक. लोक हसले. मास्तरही हसले. मी तिथं उभी, पायावर ओकारी वाळलेली, तान्ही पदर ओढतेय, पोराचा पत्ता नाही, आणि ह्यांना माझा उखाणा ऐकायचा आहे. माझ्या डोक्यात जाळ झाला. सगळ्यांचा राग आला. मास्तरांचा, त्या बाईचा, बैलांचे दात पाहणाऱ्यांचा, आणि ज्यानं कोणी ही रीत काढली त्याचा सगळ्यात जास्त. मनात म्हटलं, देवा, यांचं आयुष्य कमी करायचं असेल तर माझं घे, पण पोर दे.

आणि मी नाव घेतलं. यांचं, मामाजींचं, आडनाव, गाव, सगळं एका दमात, शेतातून हाक मारतात तसं. मास्तरांनी यंत्र केव्हा माझ्या तोंडापुढं सरकवलं होतं कोण जाणे. मी थांबले नाही. म्हटलं, बाबू, जिथं असशील तिथंच उभा राह्य रे बाप्पा, हलू नको, मी येऊन राह्यली. तेवढ्यात तोच आवाज मला मागून ऐकू आला, मग नदीकडून, मग बैलबाजाराकडून. तो माझा आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला. डोक्यावरचा पदर खांद्यावर होता. या वेळी आत्याबाई काही म्हणाल्या नाहीत.

पोर नावानं सापडलं नाही. त्याला ते नाव माहीतच नव्हतं. भोंग्याच्या तारा पाहणारा एक मुसलमान मिस्त्री त्याला खांद्यावर घेऊन आला. म्हणाला, "बाई, ये लडका खंबा छोडताच नै था. उप्पर देखके अम्मा को बुलाता था." बैलबाजाराच्या तोंडाशी एक खांब होता. माझा आवाज वरून आला तसा हा त्या खांबाला मिठी मारून बसला. आई वर आहे, म्हणे. आई खाली येईपर्यंत तो तिथून हलायला तयार नव्हता. लोकांनी रेवड्या दाखवल्या, फुगा दाखवला, हा आपला वर भोंग्याकडं पाहतोय. माझ्याकडं आला तेव्हा आधी माझ्या तोंडाला हात लावून पाहिलं, मग रडला. मीही रडले, सगळ्यांदेखत, चांगली मोठ्यानं.

थोड्या वेळानं हे न मामाजी धावत आले. दोघांचे चेहरे उतरलेले. पोर माझ्या कडेवर पाहिलं आणि मामाजी मटकन खाली बसले. मग श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "नाव कोणं घेतलं भोंग्यावर? आख्ख्या बजारानं ऐकलं."

मास्तर दुसऱ्या कोणाची पिशवी पुकारत होते. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढं झाल्या. "इथं एक मास्तरीण होती," त्या म्हणाल्या, "तिले सांगतलं मंग तिनं घेतलं. चांगली होती बिचारी." जे नाव तू घेतच नाहीस ते तिला सांगितलं कसं, असं मामाजींनी विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पण पुरुषांनी तेवढं विचारलं नाही. लग्न झाल्यापासून मी ज्या बाईच्या धाकात राहिले, तिनं माझ्यासाठी त्या दिवशी उभ्या जत्रेत खोटं सांगितलं. तिचे पाय धरावेसे वाटले मला.

भाकरी सोडल्या, खाल्ल्या. कोणाला चव नव्हती. परतताना बंडीत लेकरं पडल्या पडल्या झोपली. मधल्यानं झोपेतही माझं बोट सोडलं नाही. आत्याबाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "पोरासाठी घेतलं तू. देवाले समजते. मोठ्याले काही होत नाही." त्या मला सांगत होत्या का स्वतःला, मला कळलं नाही. मी यांच्या पाठीकडं पाहत होते. कासरा धरून बसलेली ती रुंद पाठ, आणि मला भीती, की आता काही वाईट व्हायचं असेल तर ते याच माणसाचं होईल.

तेवढ्यात हेच बोलले, मागं न पाहता. "बाईचा आवाज मात्र मोठा खणखणीत होता बावा. माह्यं नाव घेतलं त मी चकरावलोच, पुढचं काही समजलंच नाही. असं साफ नाव कोणं घेतलं नसन माह्यं आजवर."

"शिकेल बाई असन," मामाजी म्हणाले. "मोठ्या घरची."

आत्याबाईंनी माझा गुडघा दाबला. बोलू नको, असं. मी काय बोलणार होते. आधी हायसं वाटलं, सुटले म्हणून. मग मी तोंड बंडीबाहेर फिरवलं, आणि ते भीतीनं नव्हतं. आठ वर्षं या माणसाला रोज जेवायला वाढत होते. ताट वाढलं, पाणी ठेवलं, दिवा लावू का, मुलीला ताप आहे, उद्या कोणत्या वावरात जायचं. हळू बोलत असेन, पदराआडून बोलत असेन, पण बोलत तर होते.

यांना काही झालं नाही. नातवंडं खेळवली, चांगले म्हातारे होऊन गेले. शेवटपर्यंत जत्रेची गोष्ट निघाली की पोराचं खांबाला मिठी मारणं सांगत, आणि मग त्या मास्तरणीच्या आवाजाचं कौतुक. पाव्हण्यांपुढं सांगत, माझ्यापुढं सांगत. मी ऐकून घेई. तो आवाज तुझ्यासारखाच होता, एवढंही कधी म्हणाले नाहीत.