समोरच्या पिवळ्या दिव्याकडं बघा

“काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात बराच पुढं गेलाय,” धाराशिवच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सोबत कोण आहे ते बघायला त्यांनी माझ्या मागं नजर टाकली. मागं कुणी नव्हतं. मालक वारले, लेक पुण्याला असतो. मी म्हणाले, मलाच सांगा, मीच आलेय.

त्यांनी समजावून सांगितलं. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. यात बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस, हळूहळू खराब होत जाते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं सांभाळायची. किती उरलीय ते कळायला व्हिज्युअल फील्ड टेस्ट करायची. नजर समोर रोखून आजूबाजूचं कुठवर दिसतं, ते त्यात मोजतात.

मी आपली मोतीबिंदू असेल अशा थाटात गेले होते. डावा खांदा चौकटीला लागायचा, डावीकडचा चहाचा कप कलंडायचा. वयानं धांदरटपणा आला असेल म्हणून मी स्वतःलाच दोन शिव्या घालून मोकळी व्हायची.

मी तेरखेड्याची. फटाक्यांत दारू भरायचं काम करते. आमच्या शेडमध्ये बसायची एक रीत आहे. बायका ओळीनं बसतात आणि प्रत्येकीनं आपलं काम करता करता डावीकडच्या बाईच्या हातांवर लक्ष ठेवायचं. आपल्या हाताला आपला डोळा सरावतो, शेजारणीला चूक लवकर दिसते. माझ्या डावीकडं रुक्मिण बसते. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते तिच्याशीच. घरी आल्यावर टीव्ही बोलतो आणि मी ऐकते. त्यामुळं डॉक्टरीणबाईंनी ‘डावा’ म्हटलं तेव्हा मला आधी रुक्मिणचे हात आठवले.

टेस्टच्या दिवशी बाकावर सगळे जोडीनं बसलेले. कुणाची सून, कुणाचा जावई. मी पिशवीच शेजारी ठेवली, तेवढीच सोबत.

खोलीत अंधार होता. मोठ्या पांढऱ्या टोपल्यासारखं मशीन, त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची. एक डोळा झाकलेला, हातात बटण. मधोमध पिवळा दिवा, त्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठं बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. सांगायला सोपं आहे. पण शेडमध्ये जन्म गेलेल्या बाईला कोपऱ्यात काही चमकलं की आधी तिकडं बघायचं आणि मग उठून पळायचं, एवढंच ठाऊक. पहिल्याच चमकीला मी स्टुलावरून उठले. मशीनवरची पोरगी घाबरली, मग हसली. “मावशी, तिकडं बघू नका. समोरच बघा,” ती सारखी सांगत होती आणि माझी नजर सारखी पळत होती.

मग दुसरंच सुरू झालं. कितीतरी वेळ काहीच दिसेना. त्या पांढऱ्या टोपल्यात मी एकटी, आणि सगळे मला तिथं विसरून जेवायला गेलेत असं वाटायला लागलं. लेकाच्या फोनची वाट बघताना वाटतं तसंच. भीतीनं मी मशीनचा कट्ट आवाज झाला की बटण दाबायला लागले, दिसो न दिसो. वाटलं, जास्त दाबलं तर नजर चांगली ठरेल, काम टिकेल.

मशीन माझ्यापेक्षा हुशार निघालं, न दिसता दाबलेलं त्यानं ओळखलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं आणि टेस्टच्या आधी समोर बसवलं.

“मावशी, ही काही शाळेची परीक्षा नाही,” त्या म्हणाल्या. “दिवा दिसला की मशीन पुढच्या खेपेला तो मुद्दाम मंद करतं. नाही दिसला की ठळक करतं. जो दिवा अर्ध्या वेळा दिसतो आणि अर्ध्या वेळा दिसत नाही, तिथंच तुमच्या डोळ्याची हद्द. अगदी निरोगी डोळ्यालासुद्धा यातले निम्मे दिवे दिसत नाहीत.”

मधोमध सगळ्यात मंद उजेड कळतो, कडेला जरा ठळक लागतो, हेही त्यांनी सांगितलं. आणि चांगल्या डोळ्यातही एक ब्लाइंड स्पॉट असतो, म्हणजे आंधळी जागा. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथं उजेड टिपणारं काहीच नसतं. मशीन अधूनमधून त्या जागेत दिवा लावून बघतं. तिथं बटण दाबलं, तर नजर हलली हे त्याला कळतं. मी विचारलं, मग तिथं आम्हाला कधी काळा डाग का दिसत नाही? त्या म्हणाल्या, एका डोळ्याचं दुसरा सांभाळून घेतो. तुमच्या डाव्याचं उजवा इतके दिवस सांभाळत आलाय, म्हणून कळलं नाही.

हे ऐकून मला मालकांची फार आठवण आली. तिथंच रडू आलं. औषधाच्या थेंबांमुळं आलं असं सांगून मी डोळे पुसले.

या खेपेला मी न दिसलेले दिवे तसेच जाऊ दिले. टेस्टला बसणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दिसलं नाही तर घाबरू नका, पापणी लववा, थकलात तर थांबवा म्हणा. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर आपलेही डोळे वेळेवर तपासून घ्या.

उजवा डोळा निरोगी निघाला. डाव्याची खालची आणि बाहेरची बाजू गेली होती. तिथं काळं वगैरे काही दिसत नाही. काही नाहीच, एवढंच.

शेडमधलं काम सोडावं लागणार हे तिथंच कळलं. मुकादमाला सांगणं सोपं होतं, रुक्मिणला अवघड. दुसऱ्या दिवशी शेडबाहेर तिला सगळं सांगितलं.

“म्हंजी इतके दिस म्या कुणाच्या भरवशावर बसले व्हते?” एवढंच बोलून ती आत गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. मला आता शेडपासून लांब, लिंबाखाली कागदी नळ्या वळायचं काम आहे. काम बिनधोक आहे, पण बोलायला कुणी नाही. रात्री मान मागं टाकून मीच माझ्या डोळ्यात थेंब टाकते. पहिला गालावर जातो, दुसरा लागतो.

पंधरवडा रुक्मिण बोलली नाही. मग एका दुपारी मी नळी वळत असताना डावीकडून बांगड्या वाजल्या. ती भाकरीचं फडकं सोडून शेजारी बसलेली, कधी आली ते दिसलंच नव्हतं. मी मान वळवायला लागले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या काकू, तुमी समोर बघा. हिकडचं म्या बघते.”

आता ती रोज जेवायला येते आणि डावीकडंच बसते. येताना मला दिसत नाही. मीही वळून बघत नाही. बांगड्या वाजल्या की थोडी उजवीकडं सरकून बसते.