घरच्या माणसाचा पगार

मावशी एकोणीस वर्षं एकाच दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. भाची कॉलेजच्या प्रकल्पासाठी निरनिराळ्या नोकऱ्यांचे पगार फोनवर शोधत होती. शेंगा सोलता सोलता मावशी म्हणाली, "माझाही बघ गं."

भाचीने आकडा वाचला. तो मावशीच्या पगाराच्या दुप्पट होता.

"डॉक्टरांचा असेल तो."

"नाही मावशी, मदतनिसाचा. तोही नवखीचा."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने शिकवून तयार केलेल्या पाच मुली वर्षभरातच सोडून गेल्या होत्या. 'आजकालच्या पोरी टिकत नाहीत,' असं ती डॉक्टरांच्या सुरात सूर मिसळून म्हणायची. पगारवाढीचं काढलं की डॉक्टर म्हणत, "तुम्ही तर घरच्याच."

शेंगांचं ताट बाजूला सारून मावशी म्हणाली, "त्या पाचव्या मुलीला फोन लाव. कुठे लागली ते विचारते."