तीन वाढव

“चला, वाढवा आता,” एवढं म्हणून तो लोखंडी आकडा शटरच्या कडीत अडकवायचा आणि एका झटक्यात शटर खाली ओढायचा. राजारामपुरीत माझी पिठाची गिरण आणि त्याचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. तो आवाज आला की मीही गिरणीचा पट्टा उतरवायची. घड्याळाकडे बघायची गरज नसे.

दुकान बंद करतो असं तो कधी म्हणाला नाही. जुनी माणसं म्हणतच नाहीत. दुकान वाढवतात. हातातली बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. पण याचं जरा जास्तच होतं. कॅमेरा वाढव, दिवा वाढव, पंखा वाढव. फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाचे केस उडायला लागले की हा म्हणायचा, “पावणं, तेवढा पंखा वाढवा.” गिऱ्हाईक उठून पंखा आणखी जोरात करायचं. मग हा कपाळाला हात लावून स्वतः उठायचा.

“सरळ बंद म्हणा की,” मी एकदा सुनावलं.

“नको, आक्का. बंद म्हटलं की बंदच पडतंय. रोल बंद पडला, कॅसेट बंद पडली, सीडी बंद पडली. कोणतरी म्हटलंच असणार की!”

माझ्याहून तो बराच धाकटा, म्हणून मी त्याला ‘तो’ म्हणते. समोर मात्र ‘भाई’ आणि ‘तुम्ही’. त्याचे वडील तसबिरींना चौकटी करायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतले देव त्या मुसलमान माणसाच्या हातच्या चौकटीत बसलेले आहेत. मुलानं चौकट सोडली आणि कॅमेरा धरला, एवढाच फरक.

त्याची एक रीत होती. समोरच्यानं नको म्हणून हात हलवला की तो कॅमेरा खाली घ्यायचा. जेवणाऱ्या माणसावर तर कॅमेरा धरायचाच नाही. लग्नात लोक त्याला ओढून पंगतीकडे न्यायचे, “घ्या की आमचं शूटिंग!” तो भिंगावर पंजा ठेवून म्हणायचा, “घास खाली उतरू दे, मग घेतो.”

त्याचा मुलगा दुबईला गेला आणि सून सासऱ्याजवळ राहिली. सून विजापूरकडची, घरात उर्दू आणि बाहेर कानडी बोलत वाढलेली. मराठी ती आमच्या गल्लीत शिकली, त्यातली निम्मी माझ्याकडून. म्हणून तिच्या मराठीत शिव्या जास्त. पहिल्यांदा सासरा तिला “दुकान वाढवू या, बेटा,” म्हणाला, तेव्हा तिनं दोन स्टुलं उचलून बाहेर फुटपाथवर नेऊन मांडली. “अब्बा, यापुढे जागाच न्हाय,” म्हणाली. तो हसून हसून खोकायला लागला. गल्लीभर सांगत सुटला. पण शब्द काही बदलला नाही, आणि तिला त्याचा अर्थ नीट समजावूनही दिला नाही. दुकानापुरतं तिला कळलं. बाकीचं कळलं असेल असं त्यानं धरलं.

लाइव्हचं खूळ त्या सुनेचं. लग्नाचं शूटिंग महिन्यानं बघायला कुणाला वेळ नाही, लोकांना आत्ता बघायचं असतं, हे तिला उमगलं होतं. मोबाइलवर बघून बघून ती शिकली. एक बटणांचं खोकं आणलं. त्याला चार कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायच्या आणि ज्या आकड्याचं बटण दाबाल त्या कॅमेऱ्यातलं जगाला दिसणार. एक त्याचा जुना कॅमेरा, एक मेव्हण्याकडचा, एक भाड्याचा आणि चौथा म्हणजे स्टँडला रबरानं बांधलेला मोबाइल.

“एका लग्नाला चार डोळे कशाला?” मी विचारलं.

“आक्का, तुमी एका वेळी दळण बघता, गिऱ्हाईक बघता, आणि समोरच्या बिल्डिंगीत कोण आलं ते बी बघता. तसंच हे.”

मी दळणाकडे वळले.

पहिली चाचणी आमच्याच गल्लीत झाली. एक कॅमेरा गिरणीवर, एक भेळेच्या गाड्यावर, एक स्टुडिओच्या दारात. सून आत खोक्यापाशी. बघणारी सगळी गल्लीतलीच माणसं. गाड्यापाशी उभी राहून, गाड्याकडे पाठ करून, मोबाइलमध्ये गाडा बघत होती. मी एका बाईवर ओरडले, “ज्वारी निवडून आण, माझं जातं मोडायचंय व्हय!” बाई गप्प झाली. आणि थोड्या वेळानं तिच्या हातातल्या मोबाइलमधून मीच पुन्हा ओरडले. लाइव्ह मागून येतं, हे मला त्या दिवशी कळलं. गिरणीत आयुष्य गेल्यामुळे माझा आवाज मोठा आहे हे लोक सांगायचे, पण इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

चाचणी झाली, आता खरं काम हवं होतं. नव्या माणसाला पहिलं लग्न कोण देणार? शहरात मोठे मोठे लाइव्हवाले झालेले. स्टुडिओत तर आठवडाभर कुणी चढत नसे. तेव्हा माझ्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. मी मुलाला सांगितलं, काम भाईलाच द्यायचं. हे नीट झालं तर त्याचं दुकान टिकणार होतं, नाही तर नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

नवरा मुलगा शिरोळकडचा. हॉल लांबट, म्हणून मधे मोठा पडदा लावला होता. लाइव्ह जायचं तेच पडद्यावर दिसायचं. एक नंबरचा कॅमेरा घेऊन भाई स्वतः स्टेजवर, सुनेशी बोलायला कानात बोंडूक घातलेलं, कॅमेऱ्यावर छोटा मोबाइल बांधलेला. त्यात चारही कॅमेऱ्यांतलं दिसायचं. सून वर गॅलरीत खोक्यापाशी. तीन नंबर बाजूच्या खोलीत, रुखवतासमोर स्टुलावर ठेवलेला. त्याच्यामागे माणूस नाही. अधूनमधून लाडवांचा डोंगर आणि भरतकाम दाखवायचं, एवढंच त्याचं काम.

अक्षता अजून व्हायच्या होत्या. मुलगा माझ्याकडे आला, तोंड उतरलेलं. “आई, व्याही रुसल्यात. रुखवताच्या खोलीत जाऊन बसल्यात. मी बोललो तर आणखीच भडकल्यात. तू चल.”

आता मानपान म्हणजे साडी-टोपी राहिलेली नाही, हे तुम्हीही बघत असाल. व्याह्यांच्या गावात सगळी भावकी मोबाइल धरून बसली होती, आणि तिथून फोनावर फोन येत होते. नवऱ्याची आई कुठे दिसत नाही, सगळं मुलीकडचंच दाखवतात. आता ती माउली कॅमेरा दिसला की पदर पुढे ओढून हात हलवत होती. नको म्हणणाऱ्याला भाई कॅमेऱ्यात घेत नसे. पण हे त्या भावकीला कोण सांगणार?

मी मुलाला बाहेर थांबवलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. कोपऱ्यातला कॅमेरा मला दिसला होता. त्याच्यामागे कुणी नव्हतं. मागे माणूस नाही म्हणजे बघणारं कुणी नाही, असं मी धरलं.

“आमी काय गर्दी करायला आलोय?” व्याही म्हणाले. “गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय तुमी. पोरगं घेऊन मी चाललो माघारी.”

मी सांगून बघितलं. त्यांनी फोन उचलला आणि कुणाला तरी गाडी काढायला सांगितलं.

मग मी खाली बसले आणि त्यांचे पाय धरले. मी देवळातही लांबून हात जोडून मागे फिरणारी बाई. नवऱ्याच्या पायाही सणावारीच पडले. त्या माणसाच्या बुटांवर डोकं ठेवून मी म्हणाले, “पाया पडते. हळदीच्या अंगानं पोरीला उभी सोडू नका. काय बोलायचं ते मला बोला.”

बाहेर कुणी तरी बाई रडत रडत बोलत होती. बारीक, चिरका आवाज, सगळ्या हॉलभर. कुणाची ही, एवढं माझ्या मनात आलं. मग शब्द ओळखीचे वाटले. माझाच आवाज होता, मागून येणारा. एवढा बारीक आवाज मी माझा कधी ऐकला नव्हता.

व्याह्यांनीही ऐकलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं मला दंडाला धरून उठवलं. “उठा की, आजी. सगळं गाव बघायलंय.” त्यांनी मला उठवलं ते माझ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाही कळलं.

काय झालं ते नंतर भाईनंच सांगितलं. छोट्या मोबाइलमध्ये मी खाली बसताना त्याला दिसले. कुणी बघायच्या आधी ते झाकावं म्हणून तो सुनेला म्हणाला, “बेटा, तीन वाढव!” तिनं तीनचं बटण दाबलं. पडद्याएवढी मी. हा घाबरून ओरडला, “तीन वाढव, वाढव की!” तिनं तीनचा आवाज वाढवला. स्टेजवरून तो ओरडत राहिला आणि गॅलरीत ती वाढवत राहिली. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, “बंद! बंद कर!” तिनं सगळंच बंद केलं. पडदा काळा झाला. शिरोळकडच्या मोबाइलांत शेवटचं दिसलं ते माझं डोकं आणि व्याह्यांचे बूट.

लग्न लागलं. एवढ्या लोकांनी बघितल्यावर नवरा माघारी नेणार कसा? नातीनं अक्षता पडेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. तिचा हार कसला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाला.

“शब्द माझा हुता, आक्का. पोरीला बोलू नका.”

“मी कुणाला बोलायले?”

“झाकायला गेलो आणि चारचौघांत...” पायातली चप्पल तो नुसती पुढे-मागे करत होता.

“लग्न वाचलं म्हणत्यात लोक,” मी म्हणाले.

“वाचलं ते वाचलं. तुमी दार लावून घेतलं हुतं, आक्का. ते मी बघितलं हुतं.”

एवढं बोलून तो गेला.

मी गिरण काही दिवस उघडलीच नाही. उघडली तेव्हा बायका दळण देताना हळू बोलायला लागल्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. “आजी, तुमचं बघितलं हं. डोळ्यांत पाणी आलं,” म्हणायच्या. मला त्यांच्या डब्यात राखच घालावीशी वाटे. लग्नाच्या व्हिडिओतून त्यानं ते काढून टाकलं होतं, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये गेलं तिथून कोण काढणार? जेवायला बसले आणि नातसून म्हणाली, “आजी, भात वाढू?” तरी मी ताट बाजूला सारायची.

त्याचं तर वेगळंच झालं. ते बघून त्याला कामं यायला लागली. लोकांना तसलं खरंखुरं रडणं हवं होतं. तो एकेकाला परत पाठवायचा. शेवटी त्याची सून माझ्याकडे आली. तिचीही मान खाली. “आक्का, अब्बा कामच घेत न्हाईत. तुमी सांगा की.”

मी भिंतीपलीकडे गेले. तो खोक्याच्या वायरी गुंडाळत बसला होता.

“कामं का सोडायलाय?”

“तुमच्या डोक्यावर पाय देऊन आलेली कामं हैत ती.”

“माझं डोकं माझ्या जाग्यावर हाय. दुकान वाढलं म्हणजे माझी अब्रू परत येणार हाय का?”

‘वाढलं’ माझ्या तोंडून निघून गेलं. मग तो वायरी पुन्हा सोडायला लागला.

त्यानं कामं घेतली. नंतर चांगली चालली. पण ज्या कॅमेऱ्यामागे माणूस नाही तो त्यानं पुन्हा कुठे लावला नाही. मोबाइलच्या स्टँडपाशीही कुणाला तरी खुर्ची टाकून बसवायचा. आणि संध्याकाळी शटर ओढताना म्हणायचा, “बेटा, बंद करू या.” इतकी वर्षं जो शब्द तोंडात घेतला नाही तो रोज घ्यायला लागला, तोही हळू, भिंतीपलीकडे मला ऐकू जाऊ नये असा. मला ऐकू यायचा. गिरणीवाल्या बाईला भिंतीपलीकडचं ऐकायची सवय असते. माझ्या दारावरून जायचं तर तो मागच्या बोळातून जायचा. समोरासमोर आलोच तर दोघंही रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. बसल्या जागी गेला, स्टुडिओतच. मी त्यांच्या घरी जाऊन बायकांत बसले. सून माझ्याजवळ सरकून बसली. भिंतीवर त्याचा एक फोटो असेल म्हणून मी शोधत होते. नव्हता. सगळ्या गावाचे काढले आणि स्वतःचा काढायला कुणाला सांगितलं नाही.

आता स्टुडिओ सूनच चालवते. परवा संध्याकाळी मी पट्टा उतरवून बाहेर आले, तेव्हा ती शटरच्या कडीत आकडा अडकवत होती. मला बघून थबकली. “आक्का,” म्हणाली, “बंद करते आता.”

“बंद न्हवं,” मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा. भेळवाल्यानंही मान वळवली. “वाढवते म्हण.”

ती आकडा धरून उभी राहिली. मग तिनं शटर एका झटक्यात खाली ओढलं आणि त्याच्याच सुरात म्हणाली, “चला, वाढवा आता.”