ओल्या प्लास्टरवरची सही

हाडांच्या दवाखान्यातल्या प्लास्टरमामांना भ्यायला कारण लागत नसे. लिफ्टला भीत, पालीला भीत, मोठ्या डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाला तर फारच भीत. सामान घेऊन धापा टाकत जिना चढायचे आणि विचारणाऱ्याला सांगायचे, "व्यायाम होतो." मात्र कुठे नटनट्या येणार अशी कुणकुण लागली की हाच माणूस गर्दीत असा घुसायचा, जशी लोण्यात सुरी. पेनाचं टोपण दातात, वही पुढे, आणि तोंडाने नुसतं "इथं, इथं". नटाचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकलं की तो मान वर करतो आणि सही बिघडते, हे त्यांचं शास्त्र. सह्यांनी घरातलं एक कपाट भरलं होतं. बायको म्हणायची, "एवढ्या जणांनी सही केली, पण भांडी घासायला एक आला नाही."

त्यांच्या मुलीला सगळे चिमणी म्हणत. ती सायकलवरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर अर्थात बापानेच घातलं. त्याच सुमारास बातमी आली, की थिएटरात एका नव्या मालिकेचा पहिला भाग मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि कारस्थानी काकू स्वतः येणार. ही नटी आधीच्या मालिकेत काकू होऊन सुनांचा छळ करायची, आणि चिमणीचा तिच्यावर भारी जीव.

"बाबा, सही वहीत नको. माझ्या प्लास्टरवर."

प्लास्टरवर मैत्रिणींनी फुलं, भुतं, पाढे असं सगळं काढून ठेवलं होतं. सहीला जागाच नव्हती. तसं ते सैलही झालेलं, दोन-चार दिवसांत बदलायचंच होतं. मग आजच का नको? मोठे डॉक्टर जेवायला गेले, तेवढ्यात मामांनी जुनं कापलं, पट्ट्या भिजवल्या आणि नवं घातलं. वरून हात फिरवून फिरवून असं गुळगुळीत केलं, की न लिहिणाऱ्यालाही लिहावंसं वाटावं.

आता, प्लास्टर वरून लवकर कडक लागतं, पण आतून वाळायला दोन दिवस घेतं. तोवर दाबलं तर चेपतं. हे मामा रोज पेशंटच्या नातेवाइकांना दरडावून सांगत. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं.

त्याच संध्याकाळी थिएटरपुढच्या लोखंडी कठड्याशी ते चिमणीला कडेवर घेऊन उभे राहिले. मागून पहिला रेटा आला. तिला सावरताना तळहात प्लास्टरला लागला. गार. ओलसर.

"ओ, पोरीचा पाय मला लागतोय," मागचा जाडा म्हणाला.

"ढकलू नका हो. ओलंय."

जाड्याने आपल्या पँटकडे पाहिलं आणि मागे सरायची शिकस्त केली. पण मागे जागा होती कुठे? मामांनी वळून पाहिलं. माणसांची भिंत. हाड अजून पुरतं धरलेलं नव्हतं. ते सरकलं तर पोर जन्माची लंगडी होईल, आणि तीही एका सहीपायी.

तेवढ्यात गाडी आली. सगळी गर्दी एकदम पुढे लोटली आणि प्लास्टर कठड्यावर आपटलं. आत काहीतरी दबल्याचं मामांना हाताला कळलं. त्यांनी कठड्याकडे पाठ केली, लेकीला छातीशी धरलं आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच लाल गालिचा त्यांच्या पाठीमागे होता.

"बोटं हलव."

"हलवतेय."

"परत हलव."

"बाबा, काकू आली. इकडेच येतेय."

बापाच्या कमरेशेजारून कठड्याकडे निघालेला प्लास्टरचा पाय काकूने पाहिला होता. चिमणीने खांद्यावरून पेन पुढे केलं. काकूने सही करायला पेन टेकवलं, तशी मामा न वळताच ओरडले, "दाबू नका. बाई, अजिबात दाबू नका."

"मालिकेतसुद्धा मला एवढं कुणी दटावत नाही," काकू म्हणाली आणि अलगद सही केली. मग वाकून मामांचा चेहरा पाहिला तशी तिने पहारेकऱ्याला हाक मारली. कठडा सरकला. बापलेक सुटले.

रिक्षा थेट दवाखान्यात. वाटेत मामा लेकीची बोटं चोळत होते. ती गार होती की आपला हात गार, हे त्यांना कळेना. मोठे डॉक्टर घरी निघाले होते. त्यांनी टाचेवरचा खळगा पाहिला.

"बदलायला मी सांगितलं होतं?"

"नाही, साहेब."

"कापा. फोटो काढू."

ओल्या प्लास्टरला यंत्र लागत नाही, मोठी कात्री पुरते. कापायची रेघ नेमकी सहीतून जात होती. मामांना सही दिसतच नव्हती, ते कात्री टेकवत आणि परत उचलत.

"बाबा, तुम्ही भिताय?"

"हो."

"मग हळू कापा."

सहीचे दोन तुकडे झाले. मामांनीच ते बादलीत टाकले. एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. मामा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत उभे होते.

"हाड जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले.

मामा मटकन खाली बसले.

"बसता काय? पट्ट्या भिजवा."

"तुम्हीच घाला, साहेब. माझा हात धड नाही."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. कित्येक वर्षांनी ते स्वतः प्लास्टर घालत होते. फार उंचसखल झालं, टाचेपाशी तर चक्क टेंगूळ आलं. एरवी मामांनी नाक मुरडलं असतं. आज ते लेकीचा पाय उशीवर धरून बसले, आणि कुणी खोलीचं दार उघडलं तरी दचकून म्हणायचे, "लांबून."