कडी उघडणारी शेळी

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा धनगर बोलताना माणसाकडं बघायचा नाही, जवळच्या शेळीचा कान चोळत बोलायचा. मी दुधाला गेले की म्हणायचा, "अक्का, लई हुशार जनावर ठिऊ न्हाई. बाकीच्यास्नी बिघडवतंय."

त्याच्या एका शेळीला शेळ्या कोंडायच्या वाडग्याची कडी तोंडानं उघडता यायची. मग सगळा कळप लोकांच्या ज्वारीत. "हिची मायबी अशीच व्हती. रगातच वाईट," म्हणत त्यानं ती धारूरच्या बाजारात विकली.

त्याची मुलगीही तशीच. एका नजरेत कळप मोजायची आणि शेजाऱ्यांच्या उंच टांगलेल्या शिंक्यातली भाकरी पळवायची. त्या वर्षी त्याच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. "आजीचं रगात हाय," म्हणत त्यानं तिला आठव्या वर्षीच नांदूरघाटला सासरी धाडलं. दोन वर्षांत ती तिथं तापानं गेली.

पुढं धारूरला निजामाच्या अमीनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, अंगणात त्याला ती शेळी दिसली. तिच्यापुढं हिरवा घास पडलेला, फाटक सताड उघडं, आणि ती निवांत रवंथ करत बसलेली.

हे सांगताना त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "पोट भरलं व्हतं, अक्का. दाराकडं बघतबी नव्हती."

दुसऱ्या दिवशी दुधाला गेले, तर त्याच्या घरातलं शिंकं खाली आलेलं होतं. आठ वर्षांच्या पोरीचा हात पोचेल इतकं खाली. त्यात एक भाकरी होती.