चेहरा नसलेला फोटो

आमच्या लातुरात निकाल लागला की आठवडाभर आभाळ दिसत नाही, पोरांचे चेहरे दिसतात. खांबावर, पुलावर, रसवंतीच्या छपरावर, जागा मिळेल तिथे गुणवंत. त्यातले निम्मे तरी श्रीशैलच्या हातून गेलेले असतात. क्लासच्या गल्लीत त्याचं डीटीपीचं दुकान आहे. मी तिथे रसायनशास्त्राचे सराव पेपर टाइप करायला टाकतो आणि तो ते वेळेवर देत नाही, असा आमचा जुना ऋणानुबंध.

श्रीशैल मूळचा औशाच्या पलीकडचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग आणि बोलणं गरजेपुरतं. भूकंपात गाव पडलं तेव्हा तो लातुरात एका फोटो स्टुडिओत काम शिकत होता. त्यानंतर स्टुडिओत बराच काळ एकाच तऱ्हेचं गिऱ्हाईक यायचं. लोक लग्नातला ग्रुप फोटो आणायचे, कडेला अर्ध्या दिसणाऱ्या माणसावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "एवढा एक मोठा करून द्या." श्रीशैल ब्रशने त्या माणसाचा दडलेला कान काढायचा, खांदा पुरा करायचा, मागे निळा रंग भरायचा. मग त्या फोटोला घरी हार चढायचा. पुढे कॉम्प्युटर आला, फोटोशॉप आलं, आणि तेच हात गुणवंतांच्या तोंडावरच्या पुटकुळ्या पुसायला लागले.

"क्लासवाल्याला काळा टॉपर चालत न्हाई, सर," असं म्हणत तो पोरांचे रंग उजळायचा.

हातात काम नसलं की कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी वॉलपेपर करायचा. त्यात माणूस नाही, फूल नाही, देव नाही. नुसते रंग. एकावर एक पातळ थर ठेवायचे, एखादा पिळायचा, एखादा धूसर करायचा, मागचा उजेड मधूनच पुढे येऊ द्यायचा. सीडीवर भरून नेटकॅफेवाल्यांना फुकट वाटायचा. मी चिडवायचो, "काय रे, वरणात बीट पडलंय का?"

तो हसायचा. "दिवसभर थोबाडं बघायलोय, सर. डोळ्याला जरा मोकळं पायजे."

त्याची थोरली बहीण शांतम्मा, त्याची अक्का, पुनर्वसनातल्या गावात राहते. गणपती बुडवून गाव झोपलं होतं, त्या भूकंपाच्या पहाटे तिची नागू गेली. शाळेतही न घातलेलं लेकरू. नागूचा एकही फोटो नव्हता. लहान लेकराचा फोटो काढला की आयुष्य उणं होतं, असं अक्काच्या सासूचं म्हणणं होतं, आणि सख्खा मामा स्टुडिओत असून भाचीचा फोटो काढायचा राहिला. आयुष्य काही त्यामुळे वाढलं नाही.

नागू असती तर बारावीला बसली असती, त्या साली अक्का दुकानात आली. भिंतीवरच्या गुणवंत पोरींकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या लोकांच्या लेकी करतोस. माझी बी कर की."

नाही कसं म्हणणार? त्याने अक्काचे डोळे घेतले, भाऊजींचं नाक घेतलं, जिवणी कुठून तरी आणली आणि चेहरा उभा केला. मी पाहिला, गोड होता. अक्काने पाहिला आणि विचारलं, "ही कोणाची रे?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. हाताच्या सवयीने त्याने पोरीचा रंग उजळला होता आणि भुवईवरची खोक पुसून टाकली होती. नागू सावळी होती, जात्यावर पडून तिला खोक पडली होती. त्याने दोन्ही परत आणलं. पुढच्या बाजाराला अक्का आली, मान हलवून गेली. डोळे मोठे केले, केस कुरळे केले, तरी तेच. माझे पेपर तुंबले. मी आवाज चढवला तर म्हणाला, "सर, ज्याला त्याला माणूस करून दिला. घरच्या लेकराला हात चालंना."

एका दुपारी मी पेपरासाठी ठाण मांडून बसलो होतो. शेजारी अक्का.

"तूच सांग अक्का, नाक कसं होतं?"

अक्काने पदराचं टोक हातात घेतलं.

"जिवणी?"

श्रीशैलने माऊस सोडला. "मला आठवंना झालंय अक्का. मांडीवर खेळवलेली पोर, अन् मला तिचा चेहरा आठवत न्हाई."

अक्का पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला तरी कुठं आठवतो? म्हणून तर फोटो मागायले."

मला उठून जावंसं वाटलं. आईला लेकराचा चेहरा आठवू नये, याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

श्रीशैलने तो चेहरा बंद केला आणि कोरं पान उघडलं. "मग आठवतं ते सांग."

"साण्यातून ऊन पडायचं," अक्का म्हणाली. माळवदाच्या छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक म्हणजे साणं. "चुलीचा धूर त्यात चढायचा. अन् खाली ती उठून बसायची, जांभळ्या झबल्यात."

त्याने जांभळा थर टाकला.

"एवढा न्हाई. धुऊन धुऊन गेलेला."

त्याने तो फिका केला. धुराचा करडा थर पसरला, धूसर केला. वरून पिवळा तिरपा सोडला. "ऊन अजून सकाळचं कर," अक्का म्हणाली. ही त्याची रोजचीच वॉलपेपरची रीत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की त्याच्या प्रत्येक वॉलपेपरात वरच्या कोपऱ्यातून ऊन उतरत असतं, आणि मी त्याला बीट म्हणत आलो.

एकदम अक्काने त्याचा हात धरला. "थांब. आता हात लावू नको."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "प्रिंट काढून फ्रेम करून देतो."

"नको. फोटो केला की हार घालावा लागतो." मग तिने विचारलं, "हे मशीन बंद केल्यावर?"

त्याने तेच मशीनला वॉलपेपर म्हणून लावलं. "चालू केलं की पयलं हेच येतं, अक्का."

निघताना तिने पिशवीतून विभूतीची डबी काढली आणि पडद्यावर तीन बोटं ओढली, जरा खाली, डावीकडे, जांभळ्याच्या किंचित वर. तिथे मला काहीच दिसत नव्हतं. तिला जागा शोधावी लागली नाही.

अजून ती बाजारच्या दिवशी येते, स्टुलावर बसते. श्रीशैल सगळं काम बंद करतो, त्यात माझा अर्धवट पेपरही आला, आणि मशीन बंद करून परत चालू करतो. पडदा काळा होतो. अक्का पदर तोंडाशी धरून बसते. मी माझी घाई खिशात ठेवतो. मग ऊन उतरतं, धूर हलल्यासारखा होतो, खाली जांभळं दिसायला लागतं.

"उठली," अक्का म्हणते.

मग श्रीशैल माझा पेपर उघडतो.