बटणांच्या फोनचा रिपोर्ट

मालकांनी तो फोन माझ्या हातात दिला तेव्हा आधी मी तो उलटा केला आणि मागचं झाकण निघतंय का ते बघितलं. स्वभावच तसला. एखादी वस्तू उघडून, दाबून, हलवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"मोडू नकोस रं, आपला न्हाय अजून," मालक ओरडले.

फोन विकणाऱ्या माणसानं तो पंधरा दिवस वापरून बघायला दिला होता. आवडला तर मार्केटिंगच्या सगळ्या पोरांना घ्यायचा, नाहीतर परत. आणि ते ठरवायचं काम माझ्याकडं, कारण ऑफिसात सगळ्यात जास्त वळवळ करणारा मीच. "वापर आणि खरं काय ते लिवून दे," मालक म्हणाले. "चांगलं-वाईट दोनी. इंग्लिशमधी लिव, त्या माणसाला पण दाखवायचंय."

आमची कंपनी बेळगावात, पंपाचे सुटे भाग करणारी. मी राहायला निपाणीत, आई-आप्पांजवळ. कोल्हापूर-इचलकरंजीकडची गिऱ्हाईकं माझ्याकडं होती, सोमवारी तेवढं बेळगावला जाऊन तोंड दाखवायचं. लग्न झालेलं नव्हतं. स्थळं यायची आणि 'मुलगा सारखा फिरतीवर' म्हणून परत जायची.

फोन काळा, रुंद, चपटा. खाली जोंधळ्याच्या दाण्याएवढी एबीसीडीची बटणं आणि मधे फिरणारी एक बारकी गोळी. ती अंगठ्यानं फिरवली की पडद्यावरचा बाण पळायचा. सोबत कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं चामड्याचं पाकीट. पाकिटात असला की फोन नुसता थरथरायचा, बाहेर काढला की वाजायचा. हे त्याला कळायचं कसं, कुणास ठाऊक! वरच्या कोपऱ्यात एक लाल दिवा होता. मेल आला की तो लुकलुकायला लागायचा आणि मेल उघडेपर्यंत थांबायचा नाही. त्या दिव्यानं माझं डोकं उठवलं. गाडीत बसलो तरी मान खाली, जेवायला बसलो तरी डावा हात कमरेवर. फोन थरथरला नसला तरी मला थरथरल्यासारखा वाटायचा.

"कमरंला खाज सुटलीया काय रं तुज्या?" आईनं विचारलं.

कामाच्या दृष्टीनं म्हणाल तर फोन म्हणजे आनंदीआनंदच होता. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्र लागला की रोमिंग सुरू, आणि मेल बंद. संध्याकाळी निपाणीकडं परत वळलो की दिवसभराचे सगळे मेल एकदम येऊन आदळायचे. आणि माझी गिऱ्हाईकं तर सगळी पलीकडं! गोळीत घाम आणि धूळ जाऊन ती अडकायची, मग बाण एकाच दिशेनं जायचा. मालकांनी हौसेनं एकदा मराठीतून मेल टाकला, तर माझ्याकडं नुसते चौकोन आले. घरी आलो की हे सगळं रडगाणं मी आप्पांपुढं गायचो. तरीपण मला तो फोन आवडत होता, हेही खरं. बटणं दाबताना जो बारीक टकटक आवाज यायचा, त्यातच मी खूश.

आप्पा कोर्टात टायपिस्ट होते. अर्ज, जबान्या, निकाल, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. दुसऱ्यानं सांगायचं आणि ह्यांनी बडवायचं. मनाचा एक शब्द घालायचा नाही की गाळायचा नाही, याचा त्यांना लई ताठा. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डोकं शाबूत, उजवा हात धड, पण बोलणं असं की अख्खा लाडू तोंडात कोंबलाय. आईला त्यांचं सगळं कळायचं, मला निम्मं, बाहेरच्यांना काहीच नाही. त्यामुळं घरात कुणी आलं की आप्पा सरळ डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलत राहा, जीभ हलती ठेवा, हळूहळू सुधारेल; बोलायचं सोडलं तर आहे तेही जाईल. म्हणून आई रोज सकाळी त्यांच्याकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायची. एकेका ओळीला दोघांनाही घाम फुटायचा.

एका संध्याकाळी मी फोन त्यांच्या खाटेवर टाकला आणि हातपाय धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर आप्पांनी फोन मांडीवर घेतलेला आणि उजव्या अंगठ्यानं एकेक बटण दाबत बसलेले. टायपिंगात अंगठ्याला काम काय, तर दोन शब्दांत जागा सोडायची, एवढंच. आयुष्यभर तेवढंच केलेला अंगठा आता अक्षरं शोधत होता. त्यांनी पडदा माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, 'टी इज कोल्ड. किंडली रिपीट.'

मी हसलो, आणि हसता हसताच मला रडू आलं. झटका आल्यापासून आप्पांचं एक अख्खं वाक्य, 'काय? काय म्हणालात?' न करता, मला पहिल्यांदाच समजलं होतं.

मग काय, रोजचंच झालं. मी दारात चप्पल काढतोय तोवर आप्पांचा हात पुढं. सगळं कोर्टाच्या इंग्रजीत. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार, डॉक्टरांच्या अक्षराबद्दल तक्रार, आणि माझ्या लग्नाबद्दल तर, 'बॉय इज ऑलवेज रनिंग. नो गर्ल विल कॅच हिम.' वाकड्या तोंडानं ते हसायचे. मीही त्यांना चिडवायचो, "आप्पा, स्टॅम्प पेपर आणू काय?" इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं त्या बारक्या बटणांवर सांडत होतं, असं मला वाटायचं.

"काय लिवलंय रं?" आई स्वैपाकघरातून हात पुसत यायची.

आई मराठी सातवी शिकलेली. पेपर वाचायची, बसवरची कन्नड पाटीही अक्षर जुळवून लावायची. पण इंग्रजी अक्षराची आणि तिची गाठ कधी पडली नव्हती. मी तिला सांगायचो, पण कसं? तिकडं लाल दिवा लुकलुकत असायचा आणि माझा जीव त्या दिव्यात. "काय न्हाई गं, असंच," म्हणायचो आणि आप्पांच्या हातातून फोन काढून घ्यायचो. आप्पांचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहायचा.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मी घरात शिरलो तर आई माझी वाटच बघत होती. आप्पा आत खाटेवर, दार उघडंच.

"त्यांनी सकाळचा पेपर बंद केलाय," ती म्हणाली. "तोंडच उघडंनात. काय इचारलं तर असा हात करत्यात, त्यो आल्यावर सांगतो म्हणून."

"फोनवर लिहायला सोपं पडतं त्यांना, आई."

"तुला सोपं पडतंय." ती एकदम भडकली. "तुला कान द्यायला नको, बसायला नको. मी दिसभर हितं कुणासंगं बोलू? भितीसंगं? त्यांची जीभ जड झाली तवापास्नं मीच कळवून घेत हुते की! तोंडाजवळ कान नेऊन नेऊन मला कळायला लागलं. आता माझ्या नवऱ्याचं मला तू येऊन सांगणार व्हय? आणि तेबी अर्धंच?"

"त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे की गं!" मीही ओरडलो. "तू पण कमाल करतीस. एवढ्या दिवसांनी माणूस खुलून बोलायला लागलाय आणि तुझं आपलं भलतंच!"

"बोलतोय कुठं?" आई म्हणाली.

मला राग आला. मी तसाच बाहेर पडलो, स्टँडपर्यंत तरातरा चालत गेलो, उभ्या उभ्या चहा घेतला, तो अर्धा टाकून परत आलो. आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले होते, की सोंग होतं, देव जाणे. त्या रात्री त्यांनी फोन मागितला नाही.

आणि इकडं रिपोर्टची वेळ जवळ आली. माझी नुसती तगमग. खरं लिहावं तर आमच्या धंद्याला त्या फोनचा काडीचा उपयोग नव्हता, आणि तो परत जाणार होता. फोन परत गेला की आप्पा पुन्हा मुके, असा माझा हिशेब. चांगलं लिहिलं तर फोन माझ्याकडंच राहणार. मग ठरवलं, चांगलंच लिहायचं. आईचं काय, बोलेल आणि गप्प बसेल. मालकांचं काय, त्यांना नवीन वस्तूची हौस आहेच. रविवारी दुपारी आप्पांच्या खाटेवर बसून मी तो रिपोर्ट फोनवरच लिहिला. बटणं झकास, मेल झटक्यात, बॅटरी उत्तम. सीमेपलीकडचं नेटवर्क 'सॅटिसफॅक्टरी'. मराठीबद्दल अवाक्षर नाही.

"बघा आप्पा," मी म्हणालो, "आता हा फोन आपलाच झाला म्हणून समजा."

आप्पांनी हात पुढं केला. मला वाटलं, त्यांचे टायपिस्टाचे डोळे, एखादा स्वल्पविराम हलवतील. मला कटिंगला जायचं होतं आणि दुकानात गर्दी व्हायच्या आत गाठायचं होतं. "वाचा, आणि हे बटण दाबून पाठवून टाका," असं सांगून मी पळालो.

परत आलो तर फोन खाटेवर पालथा.

"पाठवला?"

आप्पांनी मान डोलावली. मी उघडून बघितलंसुद्धा नाही. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या मजकुरात मनाचा एक शब्द घातला नाही, त्याचं काय तपासायचं? शिवाय दिवा लुकलुकत होता. मी मेल बघायला लागलो. आप्पा तोंडानं काहीतरी बोलले. बऱ्याच दिवसांनी बोलले, त्यामुळं मला एक अक्षर लागलं नाही.

"काय?" मी मान वर न करता विचारलं.

"कटिंग लई बारीक केलीस म्हणत्यात," आई आतून म्हणाली. "कोंबडं सोललंय जणू."

ते दोघं हसले. मी डोक्यावरून हात फिरवला आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

सोमवारी बेळगावला पोचलो तर मालक कागद हातात घेऊनच बसलेले. त्यांनी मेल छापून घेतला होता.

"वा रं गड्या!" ते म्हणाले. "ह्येला म्हणत्यात रिपोर्ट. एक शब्द जास्त न्हाय, एक कमी न्हाय."

मी हसून बघितलं.

"बॉर्डर ओलांडली की मेल बंद, हे त्या गड्यानं मला सांगितलंच न्हवतं बघ. आणि निम्मी पोरं आपली पलीकडं फिरत्यात! गोळी अडकती, मराठी उमटत न्हाय, समदं लिवलायस. आज सकाळीच सांगितलं त्याला, घेऊन जा म्हणून. वाचलो."

कागद त्यांच्या हातात होता, मला उलटा दिसत होता, पण माझा 'सॅटिसफॅक्टरी' कुठंच नव्हता. आप्पा! असा संताप आला म्हणून सांगू. कोर्टात कुणाकुणाची खोटी जबानी मुकाट्यानं टाइप केली, आणि पोराचाच कागद बदलायचा? त्यातून स्वतःच्याच नुकसानीचा? गाडीत बसून दोन तासांत घरी जावं आणि आधी त्यांना धरून विचारावं, असं झालं मला.

"पर माझं एक भांडण हाय तुज्यासंगं," मालक म्हणाले. आता ते गालात हसत होते. "लगीन कवा केलंस रं?"

"कुणाचं लग्न?"

"तुजं! आमाला एक जेवण न घालता परस्पर उरकलास व्हय?" त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, तूच लिवलायस की."

'युजर्स वाइफ कॅनॉट रीड इट.'

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कमरेला फोन थरथरला आणि पहिल्यांदाच माझा हात तिकडं गेला नाही.

"वापरणाऱ्याच्या बायकोला वाचता येत न्हाय म्हणं," मालक खो खो हसत होते. "अरं, फोनच्या रिपोर्टात बायकू कशाला? कोण हाय ती? कुठल्या गावची?"

मी पट्ट्यावरून पाकीट सोडवलं आणि फोनसकट टेबलावर ठेवलं.

"माझी बायको न्हाई, मालक," मी म्हणालो. "माझी आई ती."